मिठाचा शेक

कोपर, डोंबिवली पश्चिम
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

ताई,

पट्ट्या परत दे.

बाकी सगळं त्याच्या खाली. पत्राच्या वर साष्टांग नमस्कार लिहायचा असतो, सहावीत शिकवलेलं, पण आज तुझ्यापुढे वाकायची माझी इच्छा नाही आणि तुझी तब्येत कशी आहे हेही मला विचारायचं नाही. तू मला ब्लॉक केलंयस, नयनभावजींनी पण केलंय, म्हणून कागद. सगुणामावशी उद्या सकाळी मासे विकायला तुमच्या वर्तकनगरला येईल तेव्हा देईल. तिच्यासमोर फाडू नकोस. गावभर सांगेल.

आज अकरा वाजता आईची पट्टी बदलायची होती. मी हात धुतले, पुसले, बिस्किटाचा डबा उघडला. आत पट्ट्यांचं खोकं नाही, तुझी चिठ्ठी. ‘आईला नशेची सवय लावू नकोस. दुखलं तर पॅरासिटामॉल दे. बाकी मी बघते.’

काय बघतेस? चौथ्या मजल्यावरून कोपर दिसतं काय तुला?

शनिवारी मी घरी नव्हतो हे खरं आहे. सकाळी पट्टी बदलली आणि दुपारी रेतीबंदरला गेलेलो, एकजण जुन्या होडीला फायबर मारतोय ते बघायला. त्या फायबरचा वास असा डोक्यात जातो ना, वेरावळला आम्ही तोंडाला ओलं फडकं बांधून काम करायचो, तरी संध्याकाळी जेवणाला तोच वास, आमचा एक बिहारी तर म्हणायचा की... ते जाऊ दे. मी तासभर नव्हतो. तेवढ्यात तू आलीस, आईच्या उशाशी बसलीस, आणि तिचं औषध पर्समध्ये घालून गेलीस.

माझ्याशी बोलावं लागू नये म्हणून तू मी नसताना येतेस. त्याची मला सवय झाली आहे. बाबा गेले तेव्हा मी ओख्याला ट्रॉलरवर होतो, चौथ्या दिवशी पोचलो, सगळं तुला एकटीला करावं लागलं. दोन वर्षं तू माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस. ठीक. ते माझं, मी भोगतोय. पण त्याची शिक्षा आईच्या पाठीला का?

ऐक. तू बँकेत आहेस, मी दहावीला दोनदा आपटलोय, तरी हे तुला माझ्याकडूनच ऐकावं लागेल. आईचा कॅन्सर छातीतून मणक्यात गेलाय. हाडातलं दुखणं आहे, पॅरासिटामॉलला ते हिंग लावून विचारत नाही. जोराची गोळी दिली तर अर्ध्या तासात उलटून पडते. म्हणून पट्टी. कातडीतून औषध हळूहळू रक्तात उतरतं, तीन दिवस पुरतं. नशा चढावी म्हणून नाही, तिला कुशीवर वळता यावं म्हणून. आणि अशी एका झटक्यात बंद करायची नसते. बंद केली की घाम सुटतो, हातपाय झाडतात, पोट बिघडतं, आणि दुखणं दुप्पट होऊन परत येतं. हे सगळं मला नीरजा सिस्टरनी शिकवलं. दर गुरुवारी घरी येतात त्या. तू त्यांना कधी भेटली नाहीस, कारण गुरुवारी मी घरी असतो.

सिस्टरना मी अजून काही बोललेलो नाही. हे औषध असंतसं मिळत नाही. वापरलेली पट्टीसुद्धा त्यांच्याकडे परत द्यावी लागते. खोकं गेलं म्हटलं की पहिलं बोट माझ्याकडे. हिमाचलला असताना मी काय काय ओढलंय हे आख्ख्या आळीला माहीत आहे, तूच सांगितलंयस.

उद्या मावशीकडे खोकं दे. पाटीत बर्फाखाली नको, वरच्या फडक्यात गुंडाळ.

हितेश


बुधवार, १२ नोव्हेंबर, दुपार

ताई,

मावशी रिकाम्या हाताने आली. तुझा निरोप मात्र दिला, अगदी तुझ्या आवाजात, मान पण तशीच उडवून. ‘त्याला सांग, भाऊबीजेला दोन दोन पट्ट्या चिकटवून आईला मारायला निघालेलास, अजून हौस फिटली नाय काय.’ मग स्वतःच्या पदरचं म्हणाली, ‘तुमा दोगांच्या निरोपांपरीस माझी मासली बरी. ती तोंड मिटून तरी पडतंय.’

दोन पट्ट्यांचं सांगतो. आधी आई.

काल संध्याकाळपासून सुरू झालं. आज सकाळी ती भिंतीकडे तोंड करून पदराचा बोळा दातात धरून पडलेली. चादर सारखी करायला गेलो तर म्हणाली, ‘हात नको लावूस रं पोऱ्या, चादर पन लागतंय.’ ही आपली आई. खाडीत कालवं काढताना पाय चिरला तर वर चिखल थापून परत पाण्यात उतरायची ती. तिला चादर लागत होती.

मग मी सिस्टरना फोन केला. सगळं सांगितलं, तू नेलंस हेही सांगितलं.

‘काल अकराला कळलं आणि आज नऊला सांगतोयस?’

‘मला वाटलं ताई परत देईल.’

‘तुला काय वाटलं ते मला नको सांगूस. तुझ्या आईच्या पाठीला सांग.’

आवाज चढवत नाहीत त्या. चढवला असता तर बरं झालं असतं. अर्ध्या तासात आल्या, डॉक्टरांना फोन लावला, कातडीखाली इंजेक्शन दिलं. साडेदहाला आईच्या तोंडातून पदर सुटला. माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. मीच आपला काल दिवसभर ‘आपल्यावर येईल’ म्हणून गप्प बसलेलो, आणि ती दात आवळून. त्याच्यासाठी मला कोणाच्या शिव्या हव्या असतील तर तुझ्या चालतील, तेवढ्या दे.

जाताना सिस्टर म्हणाल्या, ‘भांडण कुणाचं, कशावरून, मला ऐकायचं नाही. चंद्रभागाबाईंना हात लावणारं प्रत्येक माणूस उद्या अकरा वाजता माझ्यासमोर बसेल. बहीणसुद्धा. नाही बसली तर मी पट्टी पुन्हा सुरू करणार नाही, दुसरं काहीतरी बघावं लागेल, आणि ते इतकं बरं पडणार नाही.’

समोर बसायचं म्हणजे काय ते तुला माहीत नाही. त्यांना सही लागत नाही. आपण ‘समजलं’ म्हटलं की म्हणतात, ‘समजलं हे मला चालत नाही. मी बहिरी म्हातारी आहे असं समज आणि तू मला शिकव.’ सप्टेंबरात मला दोन तास बसवलेलं. मी मधेच विचारलं, कातडीला कळतं कसं की पट्टीतलं थोडं थोडंच घ्यायचं, मग मला जहाजाच्या बुडाच्या रंगाचं काहीतरी आठवलं, मी ते सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आता परत पहिल्यापासून.’ शाळेत असं कोणी केलं असतं तर मी आज तुझ्या शेजारच्या काउंटरला असतो.

आता दोन पट्ट्या.

मी दोन लावल्या नव्हत्या. एकच होती. दोनचं तू ठरवलंस. हॉस्पिटलात डॉक्टरनी विचारलं, चूक कोणाकडून झाली, मी म्हटलं माझ्याकडून. तू तेव्हा जिन्यात भावजींशी फोनवर बोलत होतीस. वर आलीस, तेवढंच शेवटचं ऐकलंस, आणि बाकीचं आपल्या डोक्याने भरलंस. मी नाही म्हटलं नाही, कारण आईने मला शपथ घातलेली. ती शपथ मी आज मोडतोय.

भाऊबीज गुरुवारची, पण सिस्टर सुट्टीवर होत्या. तू दुपारी आलीस. मला ओवाळायला नाही, आईला भेटायला. तू फाटकातून दिसलीस आणि मी निघून गेलो. आई म्हणाली असेल पाठ ठणकतेय. तू तवा ठेवलास, खडेमीठ भाजलंस, बाबांच्या लुंगीचा तुकडा फाडून पुरचुंडी बांधलीस आणि तिची पाठ शेकलीस. गार झाली की परत भाजून. आपला आजा मिठागरावर होता, आपल्या घरात दुसरं औषधच कुठलं? बाळंतिणीला मीठ, गुडघ्याला मीठ. माझा कान फुटलेला तेव्हा तूच शेकायचीस, मांडीवर डोकं घेऊन. आईच्या पाठीवर तुला पट्टी दिसली असेल. वाटलं असेल मेडिकलमध्ये मिळते तसली, कंबरदुखीची. जिथे पट्टी तिथेच दुखत असणार. म्हणून तू बरोबर तिच्यावरच शेकलंस.

त्या पट्टीला ऊब लागली की औषध धडाधड आत जातं. तीन दिवस पुरवायचं ते काही तासांत.

पाचला तू गेलीस. सहाला मी आलो तर पुरचुंडी अजून कोमट होती आणि आई घोरत होती. वेगळंच घोरणं. मधेच थांबायचं, मग मोठ्ठा श्वास. मी मोबाईलवर मिनिट लावून मोजले. सहा. डोळा उघडून बघितला तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. पट्टी उपटली, सिस्टरना फोन लावला आणि त्यांनी सांगितलं तसं शेजाऱ्यांच्या रिक्षात तिला कुशीवर धरून नेलं. तू दोन तासांनी आलीस आणि माझ्याशी न बोलता, बाकी सगळ्यांना ऐकवून मला गर्दुल्ला म्हणालीस.

शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य माहीत आहे? ‘माझी पोर शेक देत होती. तिला नको सांगूस. जलमभर सोताच्या हाताकडं बघत बसंल.’

म्हणून मी गप्प होतो. वीस दिवस. आणि मी जे केलंच नाही त्याची शिक्षा म्हणून तू आईचं औषध उचलून नेलंस.

आता बघ हाताकडे.

हितेश


बुधवार, संध्याकाळ

ताई,

हे पान त्याच पाकिटात आहे.

मघाचं पत्र मी चिकटवून मावशीकडे दिलेलं. देऊन घरी आलो, आईला पेज भरवली. दोन चमचे घेऊन ती म्हणाली, ‘माधवीला काय लिवलंस?’ मी म्हटलं, ‘काय नाय. पट्ट्या पाठव म्हणून.’ ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी परत जाऊन पाकीट मागून आणलं. मावशी म्हणाली, ‘आता काय, शिवी घालायची रायली?’

आधीच्या पानावरचं सगळं खरं आहे. एक गोष्ट लिहिली नाही.

सप्टेंबरात सिस्टर पहिल्यांदा शिकवायला बसल्या तेव्हा त्यांनी विचारलेलं, ‘घरात दुखण्यावर आणखी काय करता? तेल, लेप, शेक?’ मी मोठ्या ऐटीत मिठाचं सांगितलं. तशा त्या ताठ बसल्या. कामगार म्हणाला की टाकीत वायू आहे, तर साहेबाचा चेहरा होतो ना, तसा चेहरा. पिशवीतून चित्रकलेचा मोठा कागद काढला आणि लाल स्केचपेनने लिहिलं. पट्टीवर शेक नाही. गरम पाण्याची पिशवी नाही. पाठीला कढत पाणी नाही. ताप आला तर लगेच फोन. खाली त्यांचा नंबर. म्हणाल्या, हे खाटेच्या वर लाव, घरात येणाऱ्या प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे, आणि बहीण येते ना, तिला मुद्दाम दाखव.

तो कागद मी घडी करून माझ्या सॅकमध्ये ठेवला.

विसरलो असं लिहिणार होतो. तसं लिहून बघितलंही, मागच्या बाजूला खोडलेलं दिसेल. विसरलो नाही. दर वेळी सॅकमधून टीशर्ट काढताना तो हाताला लागायचा.

झालं असं की या घरात पहिल्यांदाच मला एक गोष्ट येत होती आणि तुला येत नव्हती. फॉर्म भरायचा, बँक, रेशनकार्ड, बाबांचा दाखला, सगळं आयुष्यभर तुलाच येतं. कागद भिंतीला असता तर तू अर्ध्या मिनिटात वाचून माझ्यापेक्षा हुशार झाली असतीस. कागद नसेल तर पट्टी बघून तू आईला विचारशील, हे काय? आई म्हणेल, मना नाय ठाव, हितेशला विचार. मग तुला माझ्याशी बोलावं लागेल. मी काय उत्तर देणार तेही पाठ करून ठेवलेलं. सिस्टरसारखं, शांत आवाजात.

तू आईला विचारलंच नाहीस. आपल्याकडे शेक द्यायला कोण विचारतं?

तर तू न कळता केलंस आणि मी कळून. डॉक्टरना ‘माझ्याकडून’ म्हटलं त्यात मोठेपणा नव्हता.

‘बघ हाताकडे’ हे मी खोडत नाही. लिहिलं तेव्हा तसंच वाटत होतं, आणि तू खोकं नेलंस त्याचा राग अजून तसाच आहे. आईला तू विचारू शकली असतीस की पट्टीने तुला बरं वाटतं का. तिला तोंड आहे. आपण दोघंही तिच्या डोक्यावरून एकमेकांना मारतोय आणि मधे ती आहे.

आणि हेही लिहितो. आज दुपारी मी सॅक भरलेली. हर्णैला एकाकडे काम आहे, डिझेल इंजिनचं, मला आवडतं ते. म्हटलं मी गेलो की तू रोज येशील, सिस्टर तुला शिकवतील, आईचं नीट होईल, मी नसलो की सगळ्यांचं नीटच होतं. मग चारला आईला तपासायची वेळ झाली. श्वास मोजले, चौदा होते. कुशीवर वळवलं. मग पेज. तेवढ्यात जायचं राहून गेलं.

उद्या अकरा वाजता. खोकं घेऊन ये.

हितेश


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ताई,

आधी आईचं. काल पट्टी लावल्यावर पहिला दिवस कमी-जास्त होणार हे सिस्टरनी सांगितलेलंच. संध्याकाळी एकदा फार ठणकलं, त्यांनी दिलेलं वरचं औषध जिभेखाली दिलं, वेळ वहीत लिहिली. आज सकाळी ती उठून बसली. चहात बुडवून अर्धा बटर खाल्ला आणि मला म्हणाली, ‘तुजी दाढी बघून मना परत झोप येतंय.’ श्वास पंधरा. शौचाचं औषध दिलं.

आता कालचं. तू तिथे होतीस, तुला माहीतच आहे, तरी लिहितोय, कारण तू खाली मान घालून होतीस आणि बरंच काही तुला दिसलेलं नाही.

तू खोकं ओट्यावर आपटलंस. सिस्टरनी ते उघडून पट्ट्या बघितल्या, पाकिटं फोडलेली नाहीत ना ते बघितलं. मग तुला समोर बसवलं आणि तासभर शिकवलं. नंतर ते बहिरी म्हातारीचं. तू फाडफाड म्हणून दाखवलंस. कुठे लावायची, कातडी कोरडी हवी, केस नकोत, जागा दर वेळी बदलायची, तारीख-वेळ लिहायची, जास्त झोप आली किंवा श्वास मंद झाला तर काय करायचं. एकदाही अडकली नाहीस. मला खरं सांगायचं तर रागच आला. मला दोन तास लागलेले.

‘छान,’ सिस्टर म्हणाल्या. ‘आणि पाठ ठणकते म्हणाल्या तर आपण घरात जे करतो, त्याचं काय?’

तू हातांकडे बघायला लागलीस.

मी सांगायला तोंड उघडलं, तर सिस्टरनी माझ्याकडे न बघता नुसता हात वर केला. तुझ्या मागे आई जागी होती, डोळे मिटून पडलेली पण जागी. तू हातांकडेच बघत होतीस. मावशीची कोंबडी आत येऊन परत गेली. मग आई डोळे न उघडता म्हणाली, ‘बोल गो बाय. मना भूक लागलीय.’

‘शेक द्यायचा नाही,’ तू म्हणालीस. ‘मी दिलेला.’

‘मी दिलेला’ हे सिस्टरनी विचारलं नव्हतं. त्यांनी वहीतही लिहिलं नाही. नुसतं ‘बरं’ म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या, ‘आता तू.’ माझ्याकडून मी कागदाचं सांगितलं. सॅकमधून काढून दाखवला. तुला पत्रातून माहीत होतं, तरी तो कागद प्रत्यक्ष बघून तू जी मान वर केलीस, मला वाटलं आता कानाखाली बसते. मी गाल तयार ठेवलेला.

‘मूर्खा,’ म्हणालीस.

दोन वर्षांनी पहिला शब्द. मी मोजून बघितलं, दुसरा काही बोलली नाहीस. पदर खोचून तूच कागद खाटेच्या वर लावलास, पिठाची खळ करून, कारण सेलोटेप भिंतीला धरत नाही. वाकडा लावलायस.

तू गेल्यावर आई रडली. दुखत होतं म्हणून नाही. मी विचारलं तर म्हणाली, ‘मी तुला शपथ घातली न तुझा भरोसा केला, माझीच चूक.’ मग थोड्या वेळाने, ‘बरं झाला सांगितलंस. ती माझ्याकडं येताना बिचकत होती, मना कळत नव्हता का.’ म्हणजे तुलाही आतून काहीतरी लागलेलं होतं आणि तू पण कोणाला विचारत नव्हतीस. आपल्या घरात सगळे एकमेकांना वाचवतात आणि मरायला टेकतात.

हर्णैला मी ‘येत नाही’ असं कळवलंय. कायमचं नाही, आत्तापुरतं. मी इथे राहून सुधारलो असं समजू नकोस, मला दिवसातून चार वेळा निघून जावंसं वाटतं. माझा तुझ्यावरचा राग पण संपलेला नाही, गर्दुल्ला म्हणालीस ते तू परत घेतलेलं नाहीस. तुझा माझ्यावरचा संपला नसेल, बाबांचा तर नाहीच. तो तसाच ठेव, मला चालेल. पण यापुढे मी घरी असतानाच यायचं. मी बाहेर जाणार नाही आणि तूही जायचं नाहीस. तू काय केलंस ते तू मला सांगायचं, मी काय केलं ते मी तुला सांगणार, आईच्या खाटेशी, मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं. बाकी काही बोलायची गरज नाही.

पट्टी गुरुवारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी लावली, उजव्या खांद्याच्या मागे. रविवारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी काढायची. काढणारी तू, डाव्या बाजूला नवी लावणारी तू. काढलेली पट्टी फेकायची नाही. ती कशी दुमडायची आणि कुठे ठेवायची हे सिस्टरनी काल तुला विचारलं नाही, त्यांच्या लक्षातून राहिलं.

मी विचारणार आहे.

हितेश